अचलपूरहून अलास्का, व्हाया मूर्तिजापूर

सकाळी साडेसातला सिॲटलहून मुलाचा फोन आला. आमच्याकडे दुसरा चहा चालू होता, त्याच्याकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात वाजले होते.

"बाबा, पोर्ट ठरवून टाका आता. याच आठवड्यात सांगा."

मी म्हणालो, "कायले पोर्ट करतं बाप्पा? रेंज तर चांगली येऊन राह्यली."

पलीकडे क्षणभर शांतता, मग सुनेच्या हसण्याचा आवाज.

चूक माझी नव्हती. अचलपुरात 'पोर्ट' हा शब्द एकाच कामाला लागतो : मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची. त्याला मराठीत 'बंदर' म्हणावं तर आणखी पंचाईत. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, नैसर्गिक बंदर, कृत्रिम बंदर, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. पण आमच्या घरात नुसतं "बंदर" म्हटलं की बायको धावत जाऊन गच्चीवरचे पापड आत घेते. समुद्र पाहायचा तर आम्हांला बडनेऱ्याहून रात्रभराची गाडी पकडून मुंबई गाठावी लागते, आणि तिथेही नातेवाईक चौपाटीपर्यंत नेऊन भेळ खाऊ घालून परत आणतात. अशा माणसाला मुलानं विचारलं होतं, की अलास्काच्या बोटीनं कुठं कुठं थांबावं?

बेत असा होता. येत्या जूनमध्ये आम्हा दोघांना सात दिवसांच्या क्रूझला पाठवायचं, असं मुलानं आणि सुनेनं परस्पर ठरवलं होतं. सिॲटलहून निघायचं, डोंगरांच्या आणि बेटांच्या मधल्या समुद्रातून उत्तरेला जायचं, तीन-चार गावांत उतरून जंगल, बर्फ, अस्वल, व्हेल बघायचे आणि जेवायला परत बोटीवर. तीन बोटींची वेळापत्रकं व्हॉट्सॲपवर आली. पहिली केचिकान, जूनो आणि स्कॅगवे करणार होती. दुसरीत जूनो, सिटका आणि हूना नावाचं खेडं होतं. तिसरीत स्कॅगवे नव्हतं, पण ग्लेशियर बे होतं, म्हणजे हिमनद्यांचं राष्ट्रीय उद्यानच.

उत्तरेकडचं जंगल म्हणाल तर ते आम्हांला नवीन नाही. आमच्या गच्चीवर उत्तरेला तोंड करून उभं राहिलं की समोर गाविलगडाचे डोंगर दिसतात. त्यांच्यामागे सगळं मेळघाट. उन्हाळ्यात पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की त्यांची क्रूझ मीच आखतो. चिखलदरा एक, सेमाडोह दोन, कोलकास तीन. त्यात एकाला भीमकुंड हवं असतं, दुसरीला कॉफीचे मळे, कारण महाराष्ट्रात कॉफी पिकते हे तिला नुकतंच कळलेलं असतं, आणि लहान पोराला फक्त वाघ. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, १९७३-७४ सालचा. पण डोंगर उभे आणि झाडी दाट. इथला वाघ स्वतःच्या मर्जीनं दिसतो, बहुतेक वेळा तो दिसत नाही. पाहुण्यांना आम्ही ठसे दाखवतो, रबडी खाऊ घालतो आणि परत आणतो. मुलानं सांगितलं, जूनोला व्हेल दाखवणाऱ्या बोटी आहेत, आणि व्हेल नाहीच दिसला तर त्यांतल्या काही बोटवाले थोडे पैसे परत करतात. ही गोष्ट मी सेमाडोहच्या जिप्सीवाल्याला सांगणार नाही. पाहुण्यांना तर मुळीच नाही.

तरी इतक्या मोठ्या प्रश्नाचा निकाल एकट्यानं लावणं बरं नव्हे, म्हणून तिन्ही वेळापत्रकं छापून घेतली आणि परतवाड्याच्या बस स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर नेली. तिथं आमची तिघांची रोजची बैठक असते. एक मी. दुसरे निवृत्त पोस्टमास्तर. तिसरे निवृत्त कंडक्टर, ज्यांनी जवळजवळ हयातभर परतवाडा-धारणी केलं. घटांगपासून हरिसालपर्यंत कोणत्या वळणावर कोणतं पोर ओकतं, हे ते डोळे मिटून सांगू शकतात.

कंडक्टरांनी कागद लांब धरून वाचला. "थांबा कोन्ता चांगला हे नकाशावरून नाई समजत, मास्तर. ड्रायव्हर कुठी जेवते थे पाहा."

"बोटीचा कप्तान बोटीवरच जेवतो," मी म्हणालो.

"मंग थांबतेच कायले?"

या प्रश्नाचं उत्तर तिन्ही वेळापत्रकांत नव्हतं.

आम्ही एकेक गाव घेत गेलो. केचिकान पहिलं. तिथं वर्षाला सुमारे दीडशे इंच पाऊस पडतो. आमच्याकडे चांगल्या वर्षी तीस-पस्तीस. तिथल्या माणसांनी पावसाचं प्रवाशांसाठी आकर्षण करून टाकलं आहे. धक्क्याजवळ मोठा पर्जन्यमापक फलक उभारला आहे आणि लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. हे ऐकून टपरीवर चहा प्यायला थांबलेल्या दोन शेतकऱ्यांनी पेले खाली ठेवले. वऱ्हाडात पर्जन्यमापकासमोर कोणी फोटो काढत नाही. तो महसूल मंडळाच्या गावी कुठंतरी बसवलेला असतो आणि पीकविम्याचा निवाडा देतो. मंडळात पडला आणि वावरात नाही, तरी पडलाच. वावरात पूर आला आणि मंडळात कोरडं, तर पूर आलाच नाही. "थे मशीन पाह्याले पैसे देऊन जातेत?" त्यांतल्या एकानं विचारलं. मी हो म्हणालो. त्यानं पुढं काहीच विचारलं नाही. पेला उचलला आणि चहा संपवला.

केचिकानला एक प्रसिद्ध रस्ताही आहे, ओढ्यावर लाकडी खांबांवर बांधलेल्या घरांचा. एके काळी तिथं वेश्यावस्ती होती, आता दुकानं आहेत. हा तपशील मी बैठकीत सांगितला, घरी सांगितला नाही.

जूनोवर मात्र बैठक रंगली. जूनो ही अलास्का राज्याची राजधानी, आणि या राजधानीला बाहेरून येणारा एकही रस्ता नाही. गावात रस्ते आहेत, गाड्या आहेत, सिग्नल आहेत. पण रस्ता गावाबाहेर थोडं अंतर जातो आणि संपतो. मागे डोंगर आणि बर्फाचं पठार, पुढे समुद्र. आमदार असो की आजारी माणूस, यायचं ते विमानानं किंवा बोटीनं.

"एस.टी. नाई जात?" कंडक्टरांचा विश्वासच बसेना. जिथं एस.टी. जात नाही तिथं सरकार कसं असेल?

पोस्टमास्तर मात्र विचारात पडले होते. ते म्हणाले, "मंग मोर्चा कसा नेतेत?"

सगळे गप्प झाले. आम्ही वऱ्हाडातली माणसं. डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरलं की अंगणवाडीपासून विनाअनुदानित शाळांपर्यंत सगळ्यांचे मोर्चे आम्ही पाहिलेत, काहींत चाललोही आहोत. राजधानीला रस्ताच ठेवायचा नाही, ही युक्ती आपल्याकडच्या कुणाला अजून सुचलेली नाही, एवढ्याचंच आम्हांला नवल वाटलं. पोस्टमास्तरांनी आजूबाजूला पाहून आवाज खाली घेतला. "हे वर्तमानपत्रात नोका लिहू," ते म्हणाले.

मला स्वतःला जूनोचं आकर्षण वेगळं होतं. गावाजवळ मेंडेनहॉल नावाची हिमनदी आहे. तीस वर्षं मी सातवी-आठवीला हिमनदी शिकवली. खडूनं यू आकाराची दरी काढली, हिमोढ काढला, तोंडानं बर्फ सरकण्याचा आवाजसुद्धा काढला. दर वर्षी मागच्या बाकावरचं एखादं पोरगं विचारायचं, "सर, तुमी पाह्यली काय?" मी म्हणायचो, "परीक्षेत हे येत नाही." माझा बर्फाशी आलेला सर्वांत जवळचा संबंध म्हणजे बहिरमच्या जत्रेतला गोळा. मेंडेनहॉलपाशी प्रवाशांसाठी १९६२ साली एक इमारत बांधली. तेव्हा बर्फ तिच्यापासून जवळ होता. आता तो तळ्यापलीकडे पार मागे गेलाय. म्हणजे मी निवृत्त होईपर्यंत हिमनदी थांबलीच नाही. सातवीच्या पुस्तकात 'हिमनदी अत्यंत सावकाश सरकते' असं मी वाचून दाखवायचो. ती मागंही सरकते, हे प्रश्नपत्रिकेत कधी नव्हतं.

सिटकाचा निकाल पोस्टमास्तरांनी लावला. सिटका ही रशियन अलास्काची राजधानी होती. १८६७ साली रशियानं अख्खी अलास्का अमेरिकेला ७२ लाख डॉलरला विकली आणि झेंडा उतरवण्याचा सोहळा याच गावात झाला. एकरी दोन सेंटच्या आसपास भाव पडला. पोस्टमास्तर म्हणाले, यात पाहण्यासारखं काय? वऱ्हाडाचं काय झालं होतं? १८५३ साली निजामानं कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं आणि १९०२ साली कर्झननं ते कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतलं, वर्षाला २५ लाख रुपये. पोस्टमास्तरांचं म्हणणं असं, की अलास्का निदान एका भावानं विकली गेली, खरेदीखत झालं, विषय संपला. आम्ही मात्र भाडेकरूच्या ताब्यातलं घर. मालक हैद्राबादेत, भाडेकरू नागपुरात, आणि छत गळतंय ते कुणाला सांगायचं याचा पत्ता नाही. त्यांच्या मते ती परिस्थिती अजून फारशी बदललेली नाही. सिटका गेलं.

हूना चटकन सुटलं. तिथं १९१२ सालचा जुना मासे डबाबंद करण्याचा कारखाना आहे, तोच आता बंदराचं मुख्य ठिकाण आहे, आणि तो तिथल्या टलिंगिट आदिवासींच्या स्वतःच्या कंपनीचा आहे. हे मला आवडलं. मेळघाटातल्या कोरकूंच्या नावावर अशी कंपनी असती आणि कोलकासला उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचा पैसा तिच्या खात्यात गेला असता, तर काय झालं असतं, असा विचार मी केला. चहा थंड झाला. पण हूनाला अस्वलं माणसांपेक्षा जास्त आहेत असंही वाचलं होतं, आणि मोहफुलाच्या दिवसांत अस्वलानं सोलून काढलेला माणूस मी दवाखान्यात पाहिलेला आहे. पैसे देऊन अस्वलाच्या घरी कशाला जा?

आता व्हिक्टोरिया. तिन्ही बोटी शेवटी संध्याकाळी व्हिक्टोरियाला थांबणार होत्या. हे गाव अलास्कात नाही, कॅनडात आहे. रात्री आठला पोचायचं, बाराला निघायचं. अंधारात बाग बघायची. का थांबायचं, तर अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याची बोट अमेरिकेच्या बंदरातून माणसं घेऊन नुसती अमेरिकेच्याच बंदरांत फिरवून आणू शकत नाही, मध्ये एक तरी परदेशी बंदर करावं लागतं. आणि या अवाढव्य बोटी पनामा, बहामाज अशा कुणाकुणाच्या नावावर नोंदवलेल्या असतात. म्हणून हा चार तासांचा नवस.

हे मी अर्धा तास समजावून सांगायची तयारी केली होती. कंडक्टरांना एका वाक्यात समजलं. "परमिटचा मामला हाये." परतवाडा-बैतूल गाडीवर त्यांनी सहा वर्षं काढली आहेत. आमच्या मुक्तागिरीला जायचं म्हटलं तरी चौदा-पंधरा किलोमीटरवर मध्य प्रदेश लागतो. परमिट, टॅक्स, नाक्यावरचं रजिस्टर, सगळं त्यांना पाठ. अमेरिकेचं सरकार आणि आर.टी.ओ. यांत त्यांना तत्त्वतः फरक दिसत नाही. मला फक्त एवढं वाईट वाटलं, की या चार तासांसाठी भारतीय पासपोर्टवाल्याला कॅनडाचा वेगळा व्हिसा काढावा लागतो, बोटांचे ठसे देऊन. बायको म्हणाली, "रात्री आठ ते बारा? येवढ्या वेळात तर अंजनगावची लगीनवरात जेवून होत नाही."

बायकोचं नाव निघालं म्हणून सांगतो, तिच्या कसोट्या आमच्या बैठकीहून कडक होत्या. तिनं कॅलेंडर काढलं आणि सातही दिवसांवर बोट ठेवत गेली. एका बोटीत जूनोच्या दिवशी संकष्टी येत होती. संकष्टीला चंद्र पाहून सोडायचं. जूनमध्ये जूनोला सूर्यच रात्री दहाला मावळतो. "मंग चंद्र कवा निंगते?" मी पंचांग पाहिलं, अक्षांश-रेखांश पाहिले, आणि भूगोलाच्या मास्तरला शोभणार नाही अशा स्वरात म्हणालो, की मुलाला विचारू. मुलानं सुनेला विचारलं. सुनेनं तोडगा काढला : आईंनी अचलपूरच्या वेळेनं सोडावं. हिशेब केला तर अचलपूरचा चंद्र निघतो तेव्हा जूनोला सकाळचे आठ-नऊ वाजलेले असणार. उपास सुरू व्हायच्या आत सुटला. बायकोला हे धर्मशास्त्र इतकं पटलं, की तिनं सुनेची पुढची सगळी मतं न ऐकता मान्य केली.

राहता राहिलं ग्लेशियर बे विरुद्ध स्कॅगवे. इथं माझीच दोन मनं झाली. ग्लेशियर बे म्हणजे हिमनद्यांचा उपसागर. तिथं दिवसाला दोनच मोठ्या बोटी सोडतात. बोट धक्क्याला लागत नाही, उद्यानाचे वनरक्षकच बोटीवर चढतात आणि माहिती सांगतात. बोट बर्फाच्या भिंतीसमोर जाऊन उभी राहते, हळूच गोल वळते, सगळ्या बाजूच्या प्रवाशांना दाखवते आणि परत येते. बायकोनं विचारलं, "उतरूच देत नाहीत, तर थे पोर्ट कसं?" शिखराचं दर्शन, असं मी सांगून पाहिलं. "बर्फाच्या शिखराचं?" ती म्हणाली.

आणि स्कॅगवे. हजार-बाराशे वस्तीचं खेडं. उन्हाळ्यात एकाच वेळी तीन-चार बोटी लागल्या की एका दिवसात दहा हजारांवर माणूस उतरतं. बोटी गेल्या की गाव रिकामं, हिवाळ्यात दुकानांना फळ्या. म्हणजे आमचं बहिरम. जत्रेच्या महिन्यात हंडी, रोडगे, पाय ठेवायला जागा नाही. नंतर जाल तर चुलींचे दगड आणि कुत्री. एवढं कळल्यावर स्कॅगवेबद्दल मला आपुलकी वाटू लागली. पुढचं वाचलं तर ती वाढतच गेली. १८९७-९८ साली कॅनडाच्या क्लोंडाइकमध्ये सोनं सापडल्याची बातमी पसरली आणि माणसांचे लोंढे या गावात उतरले. इथून डोंगर ओलांडून पलीकडे जायचं. खिंडीत कॅनडाचे पोलीस उभे. वर्षभराचं अन्न-सामान, म्हणजे एकूण टनभर ओझं सोबत असल्याशिवाय ते कुणाला पुढं सोडत नसत. माणसं एकच वाट तीस-तीस, चाळीस-चाळीस वेळा चढली-उतरली. मी बायकोच्या बॅगेकडे पाहिलं. तिच्यात मुगवड्या, लसणाचं तिखट, पापड, शेवया, आणि "बोटीवर काय भेटन काय नाई" म्हणून पाच किलो ज्वारीचं पीठ होतं. तिला त्या पोलिसांनी सॅल्यूट करून सोडलं असतं.

त्याच गावात सोपी स्मिथ नावाचा एक ठग होता. त्यानं तार ऑफिस उघडलं होतं असं सांगतात. लोक पाच डॉलर देऊन घरी तार करायचे, आणि ती तार कचेरीच्या भिंतीपलीकडे कुठं जातच नव्हती. तारेची लाइन स्कॅगवेपर्यंत आलेलीच नव्हती. पोस्टमास्तर संतापले. "आमची खरी होती, तर २०१३ ले बंद केली," ते म्हणाले आणि उरलेला चहा न पिता उठून गेले. दुसऱ्या दिवशी आले.

पण स्कॅगवेची खरी गोष्ट रेल्वेची. या खिंडीतून १८९८ च्या मे महिन्यात लंडनच्या पैशानं रेल्वे बांधायला घेतली, नाव व्हाइट पास अँड युकॉन. १९०० च्या जुलैत ती पुरी झाली तोवर सोन्याची झुंबड ओसरली होती. काम संपेपर्यंत कामाचं कारण संपावं, ही पद्धत आमच्या परिचयाची आहे. फक्त दोन वर्षांत संपलं, एवढं परकं वाटलं. ही गाडी लहान रुळांची, अरुंद. पहिल्या ३२ किलोमीटरमध्ये साडेआठशे मीटरच्या वर चढते. १९८२ ला ती बंद पडली. १९८८ ला पुन्हा सुरू केली, ती फक्त प्रवाशांना फिरवून आणायला. आज माणसं शंभर डॉलरच्या वर मोजून जुन्या पद्धतीच्या डब्यात बसतात आणि खिडकीतून हात बाहेर काढतात. मुलानं लिहिलं होतं, "बाबा, ही ट्रेन तुम्हांला आवडेल. छोटी आहे, हळू जाते."

मी मोबाईल खाली ठेवला.

छोटी आहे आणि हळू जाते! पोरगा अचलपूरचा, आणि मला हे सांगतो! आमच्या गावातून मूर्तिजापूरला शकुंतला जायची. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीची गाडी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, वऱ्हाडातला कापूस मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला धाडण्यासाठी घातलेली. तिकडे सोनं, इकडे पांढरं सोनं. इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ साली बनलेलं. ते वाफेचं इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबलं. देश स्वतंत्र झाला, रेल्वे सरकारी झाली, पण ही लाइन तेवढी कंपनीच्याच नावावर राहिली. पाऊणशे किलोमीटरला चार तास. फाटक आलं की गाडी थांबायची, गार्ड उतरून फाटक लावायचा, गाडी पुढं गेली की फाटक उघडून पुन्हा डब्यात चढायचा. तिकीटही तोच फाडायचा. आमचे आजोबा पाथरोटला उतरून पाणी पिऊन, ओळखीच्या माणसाशी दोन शब्द बोलून त्याच डब्यात परत बसायचे. हेच पाणी स्कॅगवेत प्यायचं तर तिथं त्याला शोअर एक्स्कर्शन म्हणतात आणि वेगळे पैसे घेतात.

शकुंतला काही वर्षांपासून बंद आहे. व्हाइट पास मात्र चालू. दोन्हींत फरक तरी किती, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. पुस्तकात लिहिलेलं असतं, पण भूगोलाच्या मास्तरनं एकदा तरी प्रत्यक्ष मोजून पाहावं असं वाटलं. हिमनदी मोजता आली नव्हती. मी बायकोच्या शिलाई मशीनच्या खणातून टेप घेतला आणि सकाळी फिरायला म्हणून अचलपूर स्टेशनावर गेलो.

रुळांवर गवत माजलं होतं. एका रुळाच्या सांध्याला दावं घालून कुणीतरी शेळी बांधली होती. गुडघे दुखतात म्हणून मी आधी एका हातानं रूळ धरला, मग खाली बसलो. टेपचं पितळी टोक आतल्या कडेला लावलं, दुसऱ्या हातानं गवत बाजूला करून टेप ओढला. तीस इंच. बरोबर तीस. शेळीनं टेपचं दुसरं टोक तोंडात धरलं होतं, म्हणून पुन्हा मोजलं. तीसच. स्कॅगवेची गाडी तीन फुटांची, म्हणजे छत्तीस. मी रुळावर बसून विचार करत राहिलो. तीस इंच ही माझी लग्नातली कंबर. छत्तीस आजची. म्हणजे आमच्या गावात इतकी वर्षं ज्या गेज परिवर्तनाची मागणी चालली आहे, ते माझं परस्पर होऊन गेलंय, शकुंतलेचंच तेवढं राहिलं.

तेवढ्यात सायकलवरून जाणारं एक पोरगं थांबलं. माझा जुना विद्यार्थी असावा किंवा जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा. आता मला दोन्ही सारखेच दिसतात. "सर, काय मोजून राह्यले?"

"रूळ," मी म्हणालो. यापेक्षा खरं उत्तर मला देता आलं नसतं.

संध्याकाळी बैठकीला गेलो तर कंडक्टर आधीच येऊन बसलेले. त्यांचा चेहरा उजळला होता. "ऐकलं काय मास्तर? ब्रॉडगेजचा सर्वे सुरू झाला म्हन्तेत. सकाळी स्टेशनावर एक साहेब टेप लावून बसला होता." चहावाल्यानं त्यात भर घातली, की साहेबाबरोबर एक मदतनीसही होता. ती शेळी असावी. मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण टपरीवर इतका उत्साह होता, की ते पुन्हा मिटलं. रात्री अंजनगावहून भाच्याचा फोन. "मामा, आपलं वावर रुळाच्या बाजूलेच हाये. एकरी काय भाव भेटन, काही समजलं काय?" मला एकदम अलास्का आठवली. एकरी दोन सेंट. मी त्याला ते सांगितलं नाही.

मुलाला मी स्कॅगवेची बोट कळवली. ग्लेशियर बे गेलं, पण जूनोची हिमनदी आहे, मागच्या बाकावरच्या पोरांना दाखवण्यापुरता एक फोटो तेवढ्यात होईल. बायकोची संमती आहे. तिची अट एवढीच, की डब्यात खिडकीशी ती बसणार. पैसे भरले, पावती आली, कॅनडाच्या व्हिसाचे बोटांचे ठसेही देऊन झालेत.

आता एक विनंती, खास अचलपूर, पाथरोट, अंजनगाव आणि दर्यापूरच्या वाचकांना. त्या दिवशी स्टेशनावर रूळ मोजत बसलेला माणूस रेल्वेचा नव्हता. तो मी होतो, आणि टेप आमच्या घरच्या शिलाई मशीनचा आहे. कृपा करून जमिनीचे भाव वाढवू नका.